सेवायात्रेचा हिशेब कोणापुढे मांडावयाचा?

परदेशी सेवाकार्यार्थ गेलेली मंडळी परत आली म्हणजे त्यांचे सत्कार करावयाचे, ही चाल आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. शाल, श्रीफळ, हार, अध्यक्षांचे भाषण, मग सत्कारमूर्तींचे 'दोन शब्द', जे बहुधा पाऊण तास चालतात, आणि सरतेशेवटी पडद्यावर छायाचित्रे. छायाचित्रांत पाहुणा मध्यभागी असतो व ज्यांची सेवा झाली ती मुले त्याच्या सभोवार उभी असतात. त्या मुलांची नावे विचारली तर ती सांगता येतीलच असे नाही. सभा संपते, चहापान होते, वर्तमानपत्रांत चार ओळी येतात आणि सेवायात्रा सुफळ संपूर्ण झाली असे सर्व मिळून ठरवितात. या सोहळ्यात काही पाप आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. घरदार सोडून परक्या मुलखात जाणाऱ्या माणसाचे कौतुक त्याच्या गावाने करू नये तर कोणी करावे? परंतु एक गोष्ट मनास सलते. हा सगळा वृत्तांत सादर होतो तो पाठविणाऱ्यांपुढे. ज्यांच्या दारी हे पाहुणे गेले, ज्यांचे अन्न त्यांनी खाल्ले, ज्यांच्या दुखण्यावर पुष्कळदा त्यांनी आपला हातही बसवून घेतला, त्यांच्यापुढे हिशेब मांडावा हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

आमचे वाचक बव्हंशी व्यापारउदीम करणारे असल्यामुळे त्यांस ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. पेढीच्या वहीत एखाद्याच्या नावे रक्कम पडली, की ती त्याच्या वहीत जमा दिसावी लागते. दोन्ही वह्या जुळल्या तरच व्यवहार खरा. एकट्या आपल्याच वहीत लिहून ठेवलेल्या उपकाराला व्यवहारात काय किंमत आहे, हे बाजारात बसणाऱ्यास चांगले ठाऊक आहे. मग सेवेच्या बाबतीतच आपण एका वहीवर समाधान का मानतो?

हा दोष आजचा नव्हे, आणि केवळ आपलाही नव्हे. ज्या शहरास आपण आज चंद्रपूर म्हणतो त्या चांद्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल पंथाचे मिशन आले. या मिशनचे पाद्री अलेक्झांडर वुड यांनी आपल्या कार्याचा वृत्तांत १९०६ साली 'इन अँड आउट ऑफ चांदा' या नावाने एडिंबरो येथे प्रसिद्ध केला. परमुलखातील ऊन, पाऊस आणि परके लोक यांत आयुष्य वेचणे सोपे नव्हे, आणि त्यांच्या धर्मप्रसाराच्या हेतूविषयी ज्याचे जे मत असेल ते असो, त्या चिकाटीस आम्ही मान देतो. पण तो वृत्तांत कोणत्या भाषेत आहे व कोणासाठी आहे, हे पाहिले पाहिजे. तो इंग्रजीत आहे, आणि वर्गणी देणाऱ्या स्कॉच कुटुंबांसाठी आहे. चांद्याच्या मनुष्याने तो वाचावा व 'हे बरोबर, हे चूक' असे समासात लिहावे, ही कल्पना त्या काळच्या मिशनच्या व्यवस्थेत बसणारी नव्हती. ज्यांच्याविषयी पुस्तक, त्यांच्या हाती ते नाही.

याच्या उलट मासला पंडिता रमाबाईंचा. १८८३ साली त्या विलायतेस गेल्या, १८८६ साली अमेरिकेस पोचल्या, आणि १८८९च्या आरंभी परतल्या. परतल्यावर सत्कारांत दिवस न घालविता त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले, व त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे आपले पुस्तक मराठीत छापविले. येथे एक बाब पाहण्यासारखी आहे. शारदासदनास पैसा पुरविणारी संस्था बोस्टनची. तिला हिशेब पाठवावाच लागे. पण पुण्यामुंबईच्या सुधारकांचे सल्लागार मंडळही होते, आणि मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते या वादावरून १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी त्यातून अंग काढून घेतले. त्या वादात कोणाचे किती खरे यावर अद्यापि मतभेद आहेत. आमच्या प्रस्तुत विषयापुरते एवढेच, की बाईंकडे दोन्ही बाजूंनी हिशेब मागितला गेला आणि त्यांना तो द्यावा लागला. सुखाची गोष्ट नव्हे ती; परंतु दोन वह्या होत्या.

आता ज्या मिशनचे नाव काढताच महाराष्ट्राची मान उंचावते, त्याकडे वळू. १९३८ साली जपानच्या आक्रमणाने जर्जर झालेल्या चीनच्या वतीने सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशास हाक दिली, बावीस हजार रुपयांचा निधी उभा राहिला, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले: नेते डॉ. अटल, उपनेते आमच्या विदर्भातील नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, आणि बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. गुलाम देशाने दुसऱ्या पीडित देशास पाठविलेले ते मिशन होते. त्यात धर्मप्रसार नव्हता की राज्यविस्तार नव्हता.

पाचांच्या परतीचा इतिहास बोधप्रद आहे. चोळकर व मुखर्जी १९३९ सालातच परतले. प्रकृती साथ देईना. अटल १९४० साली आले. बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस आलेच नाहीत. वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांस चीनमध्येच कळली. घरी परतण्यास त्याहून रास्त कारण कोणते? तरी ते पुढे येनानकडे गेले, आणि तेथून उत्तरेकडील युद्धभूमीवर. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून हे १९३९च्या नोव्हेंबरात त्याच आघाडीवर मरण पावले होते. त्यांच्या नावे निघालेल्या रुग्णालयाचे संचालकपद १९४१च्या आरंभी या सोलापूरच्या तरुणाकडे आले. त्यांनी चिनी भाषा शिकली, केवळ बोलण्यापुरती नव्हे. त्या भाषेत ते विद्यार्थ्यांस शिकवीत. त्याच रुग्णालयाच्या शुश्रूषाशाळेत शिकविणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२च्या ऑगस्टात मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले.

आपण या पुरुषाचा हिशेब कसा ठेवला? १९४४ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले. १९४६ साली शांतारामबापूंनी चित्रपट काढला व कोटणिसांची भूमिका स्वतः केली. लोकांनी तो डोळ्यांत पाणी आणून पाहिला. सर्व योग्यच झाले. परंतु हे सारे आपल्या वहीतले. चिनी वहीत काय जमा आहे? तेथे जमा आहे ते चिनी विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केलेले शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक, आणि दुसरे, जे लिहिता लिहिता लेखणी खाली पडली. आम्हांस विचाराल तर कोटणिसांचा खरा अहवाल तोच. तो राष्ट्रसभेस उद्देशून नव्हता, सोलापूरच्या आप्तेष्टांस उद्देशून नव्हता. आपण नसताना ज्यांच्या हाती शस्त्र राहील त्यांना उद्देशून होता. आपल्यावाचून अडू नये अशी तजवीज करून ठेवणे, याहून चोख जमाखर्च सेवकाने कोणता द्यावयाचा? म्हणूनच भारत आणि चीन यांच्यामध्ये १९६२ साली रणे माजली, पुढेही सीमेवर रक्त सांडले, तरी शिच्याच्वांगच्या स्मारकभूमीतील त्या समाधीस कोणी हात लावला नाही.

डॉ. बसूंची गोष्ट सत्कारसभांतून सांगितली जात नाही, पण सांगण्यासारखी आहे. ज्या देशास विद्या द्यावयास गेले होते, त्याच देशाची सूचिचिकित्सा त्यांनी पुढे शिकून घेतली आणि ती भारतात आणली. देणारा घेऊनही आला! आपल्या सेवायात्रींच्या पेटीत येताना काय असते, हे एकदा उघडून पाहावयास हरकत नाही.

कोणी म्हणेल की प्रत्येकास कोटणीस होता येत नाही. प्रत्येकाने परमुलखात देह ठेवावा असा तुमचा आग्रह आहे काय? मुळीच नाही. मुक्काम लांबला म्हणजे सेवा मोठी झाली, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. २०२३च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा आपल्या सैन्याच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलने इस्केंदेरून येथे तंबू ठोकले, जखमींवर उपचार केले आणि त्याच महिन्यात तंबू गुंडाळून ते परतले. याच तुकडीने १९५० ते १९५४ या काळात कोरियातही काम केले होते. अशा प्रसंगी त्वरेने जाणे व काम होताच निघणे, हाच शहाणपणा. आग विझविणाऱ्याने त्या घरात बिऱ्हाड करावयाचे नसते.

आणि थोडक्या मुक्कामाचा एक उत्तम दाखला तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ खडकाळ जमिनीवर आनंदवन वसविले, त्यानंतर थोड्याच वर्षांत 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेचे नाना देशांचे स्वयंसेवक तेथे येऊन राहिले. त्यांच्या दृष्टीने ती परदेशची सेवायात्राच होती. ते थोडेच महिने राहिले. दगडमाती वाहून त्यांनी रुग्णालयाची इमारत उभी केली. इमारत तर झालीच. पण खरे काम निराळेच झाले. कुष्ठरोग्यांनी पिकविलेली भाजी घ्यावयास तोपर्यंत गिऱ्हाईक धजत नसे. गोऱ्या कातडीची धडधाकट माणसे रोग्यांच्या पंक्तीस बसून तीच भाजी खातात, हे वरोऱ्याने पाहिले आणि भीती सैल पडू लागली. (आपल्याच माणसाने तीच भाजी खाल्ली असती तर कोणी विश्वास ठेवला असता काय, हा प्रश्न आम्ही वरोऱ्याच्या व इतर गावांच्या बाजारपेठेवर सोडतो.) ही यात्रा फळास का आली? काय बांधावयाचे हे आनंदवनाने ठरविले होते, पाहुण्यांनी नव्हे. हिशेब जागच्या जागी झाला.

ज्यांनी याचा सर्वांत खोल विचार केला ती माणसेही याच अरण्यप्रदेशातली आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे नागपूरचे वैद्यकीय शिक्षण आटोपून अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, १९८४ साली परतले आणि १९८६ साली गडचिरोलीस येऊन बसले. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. आरंभी त्यांनी जिल्ह्यातील सिकलसेल या रक्तदोषाचा शोध घेतला. शास्त्राच्या दृष्टीने शोध मोलाचा. पण लोक ढिम्म हलले नाहीत. कारण तो प्रश्न डॉक्टरांस पडलेला होता, लोकांस नव्हे. ही गोष्ट डॉ. बंग यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितली आहे, आणि ती ऐकून आमचा त्यांच्याविषयीचा आदर दुणावला. विद्वानांच्या वहीत पैकीच्या पैकी गुण मिळाले असता यजमानांची वही कोरी आहे, हे कबूल करावयास धैर्य लागते.

पुढे त्यांची चाल बदलली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून, शेकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोग असल्याचे त्यांनी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये जगापुढे मांडले. त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा आठच होत्या. मग नवजात बालकांचा प्रश्न. गावातल्याच स्त्रियांस शिकवून त्यांनी आरोग्यदूत केले. या स्त्रिया घरोघर जाऊन बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देत. एकूणचाळीस गावांत हे काम झाले आणि तिसऱ्या वर्षी नवजातांचे मृत्यू शेकडा ६२ने कमी झाले. १९९९ साली हेही 'लॅन्सेट'मध्ये आले. २०११ साली केंद्र सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या कामात घेतली. कीर्ती जगभर झाली हे खरे. पण आमचे लक्ष दुसरीकडे आहे. रुग्णालय कसे असावे हे आदिवासींस विचारले गेले. त्यांस दवाखान्याच्या मोठ्या इमारतीची भीती वाटते असे कळल्यावर शोधग्रामचे रुग्णालय त्यांच्या घरांसारखे बांधले, आणि नाव दिले ते त्यांच्या दंतेश्वरी देवीचे. गावोगावच्या प्रतिनिधींची आरोग्य संसद भरवून कोणत्या दुखण्याकडे आधी पाहावयाचे हे त्यांच्याच तोंडून ऐकण्याची प्रथा पडली. हीच ती दुसरी वही. ती लिहिण्यास यजमान समर्थ नाहीत, हा आपला समज आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाकडे ज्याने पाहिले त्याचा तो समज टिकणार नाही. सर्वांच्या संमतीवाचून निर्णय न घेणारी ती ग्रामसभा, २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविणारी, बाहेरच्या विद्वानांस अभ्यासगटात बसवून प्रश्न विचारते. अशा गावापुढे जाऊन आपल्या पंधरा दिवसांच्या सेवेचा अहवाल वाचून दाखविण्याची हिंमत किती जणांस होईल?

आता थोडे घरातले. ऊर्जानगर ही वसाहतच मुळी बाहेरून आलेल्यांची. औष्णिक विद्युत केंद्राच्या नोकरीनिमित्त कोणी खानदेशातून आले, कोणी कोकणातून, कोणी मराठवाड्यातून. बदली झाली की सामान बांधून निघावयाचे. २९२० मेगावॉट क्षमतेच्या या केंद्राची वीज महाराष्ट्रभर जाते आणि राख येथेच राहते. आपण येथे सेवाच करितो, निरोपसमारंभात तसे म्हटलेही जाते. परंतु दुर्गापूर आणि भोवतालच्या खेड्यांतील एखाद्या वृद्धास व्यासपीठावर बोलावून 'या साहेबांच्या बारा वर्षांत आमच्याकडे काय उरले' हे सांगावयास लावले, असा निरोपसमारंभ आमच्या तरी ऐकिवात नाही.

शिवाय परदेश म्हणजे समुद्रापलीकडचाच, असे थोडेच आहे? बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली ओलांडून भामरागडच्या बाजूस जावे. भाषा बदलते, बाजार बदलतो, पावसाळ्यात पर्लकोटा नदीस पूर आला म्हणजे वाटही उरत नाही. हेमलकसा येथे १९७३च्या डिसेंबरात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे गेले ते प्रथम माडिया शिकले, कारण रोगी कोठे दुखते हे आपल्याच भाषेत सांगणार. आज त्या बाजूस सहलींची रीघ लागलेली असते. शासकीय महाविद्यालयांतून शिकलेले तरुण डॉक्टर एक वर्षाच्या सेवेच्या बंधनाने या जिल्ह्यात येतात. पुष्कळ जण मनापासून राबतात, काही दिवस मोजतात, आणि काहींनी दंड भरून मोकळे होण्याचा हिशेब आधीच केलेला असतो. जो येतो त्यास माडियाचे शंभर शब्द शिकविण्याची सोय तरी आपण केली आहे काय? परदेशी जाणाऱ्यास पारपत्र लागते; भामरागडास जाणाऱ्यास हे शंभर शब्द लागावेत, असा नियम कोणी केला तर आम्ही त्याचे स्वागत करू.

असा हिशेब मागितला तर सेवेस जाणारच कोण, हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. ज्याचे जाणे एवढ्याने अडते, त्याचे अडू द्यावे. परंतु आमचा मुख्य रोख जाणाऱ्यांवर नाही. तो पाठविणाऱ्यांवर आहे, म्हणजे ज्यांच्या वर्गणीवर या यात्रा निघतात त्या तुम्हां-आम्हांवर. चंद्रपूर-बल्लारपूरच्या पेठांतील व्यापारी उदार आहेत. पावतीपुस्तक पुढे आले तर रिकाम्या हाताने कोणास परत धाडीत नाहीत. त्यांस आमची विनंती आहे की निम्मी रक्कम निघताना द्यावी आणि निम्मी एक वर्षाने. ती दुसरी, ज्या गावी मंडळी गेली होती त्या गावचे पत्र आल्यावर. पत्रात काय उभे राहिले, काय मोडले, कोण शिकले, कोणते औषध मध्येच संपले, आणि पुन्हा यावे की न यावे, एवढे असले म्हणजे पुरे. गाव परदेशातले असेल तर त्यांच्या भाषेत येऊ द्यावे. भाषांतर करून घेण्याइतकी ऐपत आपल्या पेठेस आहे. आणि सत्कारसभेत त्या पत्राचे वाचन पाहुण्यांच्या भाषणाआधी व्हावे.

आमच्या बाजूने एवढे सांगतो. अशी पत्रे या पत्रात काटछाट न करता छापली जातील, निंदेची असली तरी. भामरागड किंवा एटापल्लीकडून माडियात मजकूर आल्यास तो देवनागरीत जसाच्या तसा छापू, व त्याचे मराठी शेजारच्या स्तंभात देऊ. त्यासाठी माडिया आणि मराठी दोन्ही लिहिता येणारा मनुष्य आम्हांस हवा आहे. त्याने कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा, योग्य वेतन दिले जाईल.